सायमन मारला गेला त्या रात्री राल्फ कोठे होता? (‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’विषयी एक प्रश्न)

मृण्मयी (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या छोट्या वाचनगटात गेले दोन महिने विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही १९५४ सालची कादंबरी वाचली जात आहे. काही जण ती मूळ इंग्रजीतून वाचतात, काही जण जी. ए. कुलकर्णी यांनी केलेला मराठी अनुवाद वाचतात, आणि दर शनिवारी एका प्रकरणावर चर्चा होते. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. युद्धकाळात सुरक्षित ठिकाणी नेल्या जाणाऱ्या इंग्रज शाळकरी मुलांचे विमान एका निर्मनुष्य बेटावर कोसळते. त्यातले एकही मोठे माणूस वाचत नाही. राल्फ नावाच्या मुलाला पुढारी निवडून नियमाने राहू पाहणारी ही मुले पाहता पाहता शिकार, टोळी आणि अखेर खून इथवर येऊन पोहोचतात. राल्फचा सोबती पिगी, राल्फविरुद्ध शिकाऱ्यांची टोळी उभी करणारा जॅक, जॅकचा साथीदार रॉजर आणि मुलांच्याच हातून मारला जाणारा सायमन ही त्यातली प्रमुख मुले.

अडचण अशी आहे की या कादंबरीवरील बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत एक ठरलेले कोष्टक असते. सभा बोलावण्यासाठी फुंकला जाणारा शंख म्हणजे लोकशाही, पिगीचा चष्मा म्हणजे विज्ञान, डोंगरावरची आग म्हणजे सुटकेची आशा, काठीवर रोवलेले डुकरिणीचे मुंडके म्हणजे माणसातली दुष्टता. हे कोष्टक मीही वर्षानुवर्षे प्रमाण मानत आले. मागच्या शनिवारी मात्र गटातील बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, “चष्मा जर विज्ञान आहे, तर तो जॅकच्या टोळीने चोरून नेल्यावरही त्यातून आग तितक्याच सहजपणे कशी पेटते?” मला तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

तिचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. ‘या कादंबरीत दुष्ट कोण?’ असे विचारल्यावर सगळ्यांनी जॅक आणि रॉजर अशी नावे घेतली. त्यावर ती म्हणाली की ज्या रात्री सायमनला मारले गेले त्या रात्री राल्फ आणि पिगीही त्या रिंगणात होते, मग आपण त्यांची नावे का घेत नाही? या दोन्ही प्रश्नांवर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

दिगंतर

आपल्या गटातील त्या मुलीचे मनापासून कौतुक वाटते, कारण तिने कोष्टकाच्या नेमक्या कच्च्या जागेवर बोट ठेवले आहे. एखाद्या वस्तूपुढे बरोबरीचे चिन्ह काढून अर्थ लिहिला की ती वस्तू कादंबरीत पुढे काय करते याकडे आपले लक्ष राहत नाही. गोल्डिंग यांच्या वस्तू तर सतत हातोहात फिरत असतात, आणि प्रत्येक हातात गेल्यावर त्यांचे रूप थोडे पालटते.

प्रथम चष्म्याविषयी. पिगीची दृष्टी जवळची आहे, म्हणजे त्याच्या भिंगांनी किरण पसरतील, एका बिंदूवर एकवटणार नाहीत, त्यामुळे त्या चष्म्याने आग पेटणे शक्यच नाही, हा दोष अनेक वाचकांनी दाखवून दिलेला आहे आणि तो खरा आहे. माझ्या मते त्याने कादंबरीचे फारसे बिघडत नाही. लक्षात घेण्यासारखे आहे ते हे की चष्म्याचा पहिला वापरच हिसकावण्यातून होतो. दुसऱ्याच प्रकरणात, जॅकची टोळी वगैरे काही अस्तित्वात नसताना, मुले पिगीला घेरतात, जॅक त्याच्या नाकावरून चष्मा ओढून काढतो, आणि त्या भिंगांतून ऊन लाकडावर पाडणारा हात राल्फचा असतो. पिगी ओरडत राहतो की मला काही दिसत नाही. त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते, कारण सगळे धुराकडे पाहत असतात. पुढे चोरी होते तेव्हा नवे असे काहीच घडत नाही. ज्याची दृष्टी घेतली जाते त्याची परवानगी पहिल्या दिवशीही घेतली गेली नव्हती आणि त्या रात्रीही घेतली गेली नाही. आग दोन्ही वेळा पेटते. आग कोणाच्या हातून पेटते याची आगीला पर्वा नसते, असे मी त्या मुलीला सांगेन.

आगीचे तर कोष्टक अगदीच टिकत नाही. तिला सुटकेची आशा म्हणायचे, तर पहिल्याच दिवशी पेटवलेली ती आशा उतारावरचे जंगल जाळत जाते, आणि चेहऱ्यावर तुतीच्या रंगाचा डाग असलेला एक लहान मुलगा त्यानंतर कोणालाच दिसत नाही. बेटावरचा पहिला मृत्यू हा असा आहे. त्यामागे द्वेष नाही, रंगवलेले चेहरे नाहीत, सगळ्यांचा हेतू उत्तम आहे. उलट शेवटच्या प्रकरणात जॅकची टोळी जी आग लावते ती राल्फला झाडीतून बाहेर हुसकावून ठार मारण्यासाठी असते, आणि नेमका तोच धूर पाहून युद्धनौका किनाऱ्याला लागते. चांगल्या हेतूची आग मारते आणि वाईट हेतूची आग सोडवते. ज्या लेखकाने ही मांडणी जाणूनबुजून केली त्याच्या आगीला एकच अर्थ चिकटवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

शंखाबद्दल थोडेच लिहितो. ज्याच्या हातात शंख त्याने बोलायचे, हा नियम राल्फने केला. पण डोंगरमाथ्यावर शंख चालत नाही, असे जॅक दुसऱ्याच प्रकरणात पिगीला बजावतो आणि शंख जेथे तेथे सभा, हे राल्फला थोड्या वेळाने पुन्हा सांगावे लागते. नियम तिथेच अर्धा मोडलेला असतो. पाचव्या प्रकरणात उघड्या हवेने शंखाचा गुलाबी-पिवळा रंग उडून तो जवळजवळ पांढरा पडल्याचे वर्णन येते. चष्म्याची चोरी झाल्यावर पिगी म्हणतो, मला वाटले ते शंखासाठी आले. राल्फ धावत जाऊन पाहतो तो शंख जागच्या जागी आहे. लुटारूंना त्याची किंमतच वाटलेली नव्हती. मला हा क्षण शंख फुटण्याच्या क्षणापेक्षाही अधिक भयंकर वाटतो. फुटणाऱ्या वस्तूचा निदान कोणी शत्रू तरी असतो. इथे शंख ज्यांच्या दृष्टीने एक शिंपला उरला आहे, त्यांना तो फोडण्याचीही गरज वाटत नाही.

जुना मास्तर

दिगंतर यांनी प्रतीकांविषयी उत्तम लिहिले आहे, म्हणून मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

गोल्डिंग सॉल्झबरी येथील बिशप वर्ड्‌सवर्थ शाळेत शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते आणि १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवले गेले तेव्हा अग्निबाण सोडणारी एक नौका त्यांच्या हुकमतीखाली होती. युद्धाहून परतलेल्या या माणसाने पुन्हा वर्गावर जाऊन दहा-बारा वर्षांची मुले शिकवली, आणि या दोन अनुभवांच्या सांध्यावर ही कादंबरी उभी आहे. माणूस दुष्टता निर्माण करतो ती मधमाशी मध निर्माण करते तशी, अशा अर्थाचे वाक्य त्यांनी नंतर एका निबंधात लिहिले. हस्तलिखिताला त्यांनी दिलेले पहिले नावही ‘आतून आलेले परके’ अशा अर्थाचे होते. अनेक प्रकाशकांनी ते परत पाठवले, फेबर अँड फेबरच्या वाचकानेही ते टाकाऊ ठरवले होते, आणि चार्ल्स माँटीथ या तेथील नव्या संपादकाने आग्रह धरला म्हणून ते छापले गेले. १९८३ साली याच लेखकाला नोबेल पारितोषिक मिळाले. प्रकाशित कादंबरीचे नाव हे बालझबूब या हिब्रू शब्दाचे सरळ भाषांतर आहे. माशांचा स्वामी असा त्याचा अर्थ, आणि ख्रिस्ती परंपरेत हे सैतानाचे एक नाव. म्हणजे नाव सैतानाचे, पण बेटावर सैतान कोठेच नाही. घोंघावणाऱ्या माशांनी झाकलेले डुकरिणीचे मुंडके आहे, आणि ते सायमनला जे ऐकवते त्याचा गाभा एवढाच की मी शिकार करून मारता येईल असे श्वापद नाही, मी तुमच्यातलाच एक भाग आहे.

आता त्या रात्रीविषयी. मुले ज्याला घाबरतात ते डोंगरावरचे श्वापद म्हणजे हवाई छत्रीच्या दोऱ्यांत अडकलेले एका वैमानिकाचे प्रेत आहे, हे सायमनला एकट्याला कळले आहे आणि ते सांगण्यासाठी तो जंगलातून रांगत खाली येतो. खाली वादळ गडगडते आहे आणि मुले रिंगण करून नाचत आहेत. राल्फ आणि पिगी तेथे मांस खायला म्हणून गेलेले असतात. विजांच्या भीतीने त्यांनाही त्या वेड्या घोळक्यात सामील होऊन थोडे सुरक्षित वाटावे असे वाटू लागते, हे लेखक एका वाक्यात सांगून टाकतो. रिंगणात येऊन पडलेल्या सायमनला श्वापद समजून मुले हातांनी आणि दातांनी मारतात.

माझ्या मते खरा मजकूर आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळी. राल्फ शंख हातात धरून बसलेला आहे आणि तो म्हणतो की तो खून होता. पिगी चिडतो. अंधार होता, नाच चालला होता, विजा होत्या, आपण घाबरलो होतो, अशी कारणे तो एकामागून एक देतो. राल्फ म्हणतो की मी घाबरलो नव्हतो, मी कसा होतो ते मला कळत नाही. तेव्हा पिगी, जो या कादंबरीतला सर्वांत समंजस मुलगा आहे, तो आधी अपघात होता म्हणतो आणि शेवटी सायमनने अंधारातून तसे रांगत यायलाच नको होते, त्यानेच ते ओढवून घेतले, इथपर्यंत येतो. मग सॅम आणि एरिक हे जुळे भाऊ येतात. आम्ही दमलो होतो म्हणून लवकर निघालो, असे ते सांगतात. आम्हीही लवकर निघालो, असे पिगी म्हणतो. हे बोलणे चालू असताना सॅमचा हात कपाळावरच्या ओरखड्याकडे जातो आणि तो चटकन खाली घेतो. एरिक फाटलेला ओठ चाचपतो.

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले. एकदा मधल्या सुट्टीत एका मुलाला वर्गातल्या बऱ्याच जणांनी मिळून बेदम मारले. त्याचा हात मोडला. मी प्रत्येकाला एकेकटे बोलावून विचारले, आणि चाळीस मुलांपैकी एकानेही खोटा आळ दुसऱ्यावर घेतला नाही, सगळ्यांचे उत्तर एकच होते, “सर, मी तोवर पाणी प्यायला गेलो होतो.” नळ दोनच होते. वर्गातली सर्वांत सालस मुलेही तेच सांगत होती आणि मला त्यांच्या डोळ्यांकडे पाहवेना. त्या मुलांना मी दुष्ट म्हणणार नाही, पण त्या दिवशी त्या वर्गात जे होते त्याला दुसरे नाव मला आजवर सापडलेले नाही. आपल्या गटातील मुलीचा प्रश्न त्यामुळे मला अगदी योग्य वाटतो. जॅक आणि रॉजर यांच्या क्रौर्याला कोणी तरी अडवू शकले असते. राल्फ आणि पिगी यांनी ते केले नाही आणि मग आपण तेथे नव्हतोच असे ठरवले. दुष्टतेला वाट मिळते ती या ठरवण्यातून.

रॉजरविषयी एक गोष्ट लिहून थांबतो. चौथ्या प्रकरणात तो हेन्री या लहान मुलाच्या दिशेने दगड मारतो, पण ते मुद्दाम नेम चुकवून. हेन्रीभोवती सुमारे सहा यार्डांचे एक वर्तुळ असते आणि त्याच्या आत दगड टाकण्याचे धाडस रॉजरला होत नाही, कारण आईवडील, शाळा, पोलीस आणि कायदा यांचा धाक त्याच्या दंडात अजून शिल्लक असतो. पुढे पिगीवर शिळा ढकलून त्याला ठार करणारा हात हाच. मधल्या काळात त्या हाताला कोणी काही नवे शिकवलेले नाही, फक्त ते वर्तुळ पुसले गेले आहे.

लाटांकाठी

दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले, तरीही माझी एक मूलभूत हरकत नोंदवते. ही कादंबरी शिकवताना ‘माणूस मुळात असाच असतो’ हा निष्कर्ष सिद्ध झाल्यासारखा सांगितला जातो, आणि तो सिद्ध झालेला नाही.

१९६५ साली टोंगा या पॅसिफिकमधील देशात, नुकुअलोफा येथील शाळेतली सहा मुले एक होडी घेऊन समुद्रात निघाली, वादळात भरकटली आणि अता नावाच्या निर्जन बेटाला लागली. तेथे ती सुमारे पंधरा महिने राहिली. त्यांनी आग पेटवली आणि ती विझू दिली नाही. कामाच्या जोड्या ठरवून पाळ्या लावल्या. भांडण झाले तर दोघांनी वेगवेगळ्या दिशांना जाऊन राग निवेपर्यंत थांबायचे असा शिरस्ता ठेवला. एकाचा पाय मोडला तेव्हा इतरांनी तो बांधून त्याचे काम वाटून घेतले. १९६६ साली पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाला ती सापडली तेव्हा सहाही जण जिवंत होते. रुट्गर ब्रेगमन या डच लेखकामुळे ही हकिकत अलीकडे जगभर पोहोचली.

मग गोल्डिंग यांच्या बेटावर वेगळे काय घडले? मला वाटते, आपण मुलांच्या स्वभावाकडे पाहतो आणि त्यांच्यासोबत बेटावर आलेल्या इंग्लंडकडे पाहत नाही. जॅक पहिल्यांदा दिसतो तो चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख म्हणून. काळे झगे घातलेली मुले भर उन्हात दोन रांगांत चालत येतात आणि त्याने परवानगी दिल्यावाचून कोणी खाली बसत नाही. सायमन तर घेरी येऊन पडतो. टोळी आणि हुकूम या दोन्ही गोष्टी तेथे आधीपासून तयार आहेत, पुढे फक्त झगे गळून पडतात आणि चेहऱ्यांवर रंग येतो. पिगीचे ऐकले जात नाही त्याला त्याचे जाड शरीर आणि दमा जितके कारणीभूत आहेत, तितकेच त्याचे बोलणेही आहे. तो मावशीकडे वाढलेला, खालच्या वर्गातली इंग्रजी बोलणारा मुलगा आहे, आणि राल्फसुद्धा त्याचे टोपणनाव सांगू नकोस ही विनंती पहिल्याच दिवशी मोडतो. याला मी मानवी स्वभाव म्हणणार नाही, ही एका विशिष्ट समाजाची शिकवण आहे.

एक विचार जाता जाता मांडते. जी. ए. कुलकर्णी यांना ही कादंबरी मराठीत आणावीशी वाटली याचे मला नेहमी कुतूहल वाटते, कारण त्यांच्या स्वतःच्या कथांत माणसाला चिरडणारी शक्ती बहुधा नियतीच्या रूपाने बाहेरून येते. इथे तर बाहेरचे काहीच नाही.

जुना मास्तर

लाटांकाठी, आपली हरकत मला बरीचशी मान्य आहे. टोंगाची हकिकत वाचून मलाही फार बरे वाटले होते. एवढेच सुचवतो की ती सहा मुले एकमेकांची मित्र होती आणि त्यांच्या मागे शांततेतले घर होते. गोल्डिंग यांची मुले एकमेकांना बहुतांशी अनोळखी आहेत आणि त्यांचे जग अणुयुद्धात जळते आहे. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी ती मोठ्या माणसांच्या जगाकडे एखादी खूण मागतात आणि त्याच रात्री आकाशातून जे खाली येते ते लढाईत मेलेल्या माणसाचे प्रेत असते. १८५० नंतरच्या दशकातील बॅलंटाइन यांच्या ‘द कोरल आयलंड’ या कथेत इंग्रज मुले बेटावर गुण्यागोविंदाने राहतात आणि दुष्टता इतरांकडे, म्हणजे चाचे आणि तेथील रहिवासी यांच्याकडे असते. राल्फ आणि जॅक ही नावे गोल्डिंग यांनी तेथूनच उचलली. दुष्टता नेहमी दुसऱ्याच्या बेटावर असते या समजुतीला त्यांनी उत्तर दिले. त्या अर्थाने आपण म्हणता ते इंग्लंडच त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे असे मी मानतो.

मृण्मयी (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तुमचे प्रतिसाद या शनिवारी गटात मोठ्याने वाचले आणि त्यानंतर आम्ही शेवटचे प्रकरण पुन्हा काढून बसलो. तेथे जे सापडले ते इतक्या वाचनांत माझ्या एकदाही लक्षात आले नव्हते.

किनाऱ्यावर उभा असलेला नौदलाचा अधिकारी राल्फला विचारतो की कोणी मेले तर नाही ना? राल्फ सांगतो, फक्त दोघे. सायमन आणि पिगी. तुतीच्या रंगाच्या डागाचा तो मुलगा त्याच्या हिशेबात नाही, आणि ज्या आगीत तो गेला ती तर याच सगळ्यांनी आनंदाने नाचत पेटवलेली होती. मग अधिकारी विचारतो, तुम्ही एकूण किती आहात? राल्फ मान हलवतो, त्याला ते माहीत नाही. ब्रिटिश मुलांकडून याहून बरे काही अपेक्षित होते असे तो अधिकारी म्हणतो. तो स्वतः युद्धावर आहे, त्याच्या कमरेला पिस्तूल आहे आणि मागे त्याची युद्धनौका उभी आहे.

आम्ही पाने मागे उलटत गेलो. सगळ्यांची नावे लिहून यादी करायला हवी असे पहिल्याच दिवशी पिगी म्हणत होता. लहान मुले धावपळ करत राहिली, मोठी डोंगराकडे पळाली आणि ती यादी कधीच झाली नाही. आग भडकल्यावर ‘तो डाग असलेला छोटा कुठे आहे?’ असे विचारणाराही पिगीच होता, आणि तेव्हा कोणालाही धड उत्तर देता आले नाही. कोष्टकात शंख आहे, चष्मा आहे, आग आहे, मुंडके आहे. न झालेली यादी कोणत्याच कोष्टकात नाही.

गटातील ती मुलगी त्यानंतर पर्सिव्हलचे पान शोधत होती. हा सर्वांत लहान मुलांपैकी एक. सुरुवातीला कोणी काहीही विचारले की तो शाळेत पाठ करून घेतल्याप्रमाणे आपले पूर्ण नाव, घराचा पत्ता आणि टेलिफोन सांगू लागे, जणू ते म्हटले की कोणी तरी येऊन घरी नेईल. शेवटच्या पानांवर खरोखरच कोणी तरी आलेले असते. पर्सिव्हल अधिकाऱ्यासमोर जाऊन उभा राहतो, “मी... मी...” असे म्हणतो, आणि पुढचे त्याला आठवत नाही.